फोटोचं तिकीट वेगळं

प्रवेश सात लारी. फोटोचं तिकीट वेगळं,
ते खाली ओतारकडे, जिन्याच्या तोंडाशी.
मी तिसरी खोली सांभाळते. कांस्ययुग,
म्हणजे अकरा कुऱ्हाडी, एक कंबरपट्टा,
आणि पोटाला भोक पडलेला एक घोडा.
कुणी आलं की दिवा लावायचा,
गेलं की मालवायचा.
विजेचं बिल संचालकबाई स्वतः वाचतात.

लोक वरचा किल्ला करून येतात,
बुटांना चिखल, गळ्यात कॅमेरे,
आधी पाटीचा फोटो, मग वस्तूचा,
मग वस्तूपुढे स्वतःचा.
बघायचं ते घरी गेल्यावर, सवडीने.
मी हसत नाही त्यांना.
अंजिरांचा मुरंबा मीही भर उन्हाळ्यात घालते
आणि बरणीला हात लावते तो थेट जानेवारीत.

"जरा बाजूला होता का?"
हे मला कुठल्याही भाषेत कळतं,
हाताची खूण सगळ्यांची एकच.
मी होते बाजूला. काच होत नाही.
काचेत मी उरतेच, कोपर,
राखाडी स्वेटरची बाही, कधी नुसता चष्मा.
एकदा हिवाळ्यात हीटरवर पाय ठेवून हिशेब करायला बसले,
एकोणतीस वर्षं,
किती शहरांत, कुणाकुणाच्या कपाटांत
माझं कोपर पडून असेल कुऱ्हाडीशेजारी,
पाटीशिवाय.
हिशेब लागला नाही. शाळेचा एक वर्ग आला,
चाळीस पोरं, डोळ्यांत तेल घालावं लागतं.

परवा एक माणूस आला, रीगाचा, तिशीतला.
किल्ला न बघता सरळ वर.
पाकिटातून फोटो काढला, कागदाचा,
कडा पिवळ्या. वडिलांनी काढलेला, म्हणाला
आपल्या मोडक्या रशियनमध्ये,
माझ्याही मोडक्याच.
मी तेव्हा नऊ वर्षांचा, बाहेर पायरीवर रुसून बसलेलो.
वडील प्रत्येक फोटोमागे तारीख लिहायचे, वस्तूची,
फक्त या एकामागे जागा कोरी.
पाटी फोटोत अर्धी कापली गेली होती.
मी तारीख सांगितली.
हेही सांगितलं, की पाटी मध्यंतरी बदलली,
कुऱ्हाड तीनशे वर्षांनी म्हातारी झाली एका दुपारीत.
तो उभ्याउभ्या लिहून घेत होता.

आणि मला लामारा दिसली.
पात्याच्या वर, काचेत, काचेतल्या उघड्या दारापलीकडे,
चौथ्या खोलीच्या खुर्चीवर
संत्रं सोलताना. मनाई असताना.
साल अखंड, गुडघ्यापर्यंत लोंबलेली.

बावीस वर्षं आम्ही त्या दारातून बोललो,
दोन्हीकडचे दिवे मालवून.
सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल,
पेन्शन कशी पुरवायची त्याबद्दल.
चौथी खोलीही आता माझ्याकडेच आहे.
तिच्या थडग्यावर जो चेहरा कोरलाय
तो पासपोर्टच्या फोटोवरून,
कुणी करारी बाई आहे ती, मी ओळखत नाही.

तो म्हणाला, हा बिघडलाय, चकाकी फार आहे,
आज नवा काढतो, स्वच्छ.
मी म्हटलं, नवा तुम्ही न्या.
हा द्या मला.
तो घुटमळला. बापाच्या हातचा होता.
बरोबरच आहे.
मग त्याने फोटोचाच फोटो काढला
आणि विचारलं, कुठे पाठवू?

माझ्याकडे तसला फोन नाही. ओतारकडे आहे.
संध्याकाळी तो खालून ओरडला, "नानुली, आला गं!"
मी गुडघा धरत जिना उतरले.
तो दोन बोटांनी ताणत होता,
कुऱ्हाड, नुसती कुऱ्हाड, हिरवा गंज,
कुठे आहे म्हणतेस?
मागे, म्हटलं, काचेत बघ. अजून मागे.
माझं कोपर लागलं मध्ये, ते ओलांड.

आधी संत्रं सापडलं.

वर तिसऱ्या खोलीत दिवा तसाच राहिला होता.